ताईच्या गाडीच्या दोन काचा

गाड्यांच्या काचा बसवणाऱ्या या माणसाला गल्लीत त्याच्या नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे त्याला ‘सांभाळून’ म्हणत, कारण त्याच्या तोंडात दुसरा शब्दच नव्हता. जिन्यात कुणी भेटलं की सांभाळून, कुणी दार लोटलं की सांभाळून, समोरच्याने चहाचा कप उचलला तरी याचा हात आपोआप कपाखाली. त्याची बायको सांगायची, “पहिल्यांदा भेटलो तेव्हा यांनी माझ्याकडे असं बघितलं, मला वाटलं आवडले. नंतर कळलं, कुठे तडा गेलाय का ते बघत होते.”

माणूस वाईट नव्हता. पण काचेच्या धंद्यात आयुष्य काढलं की जग दोनच प्रकारचं दिसायला लागतं, फुटलेलं आणि अजून न फुटलेलं. अशा माणसाबरोबर संसार करणं किती कटकटीचं, ते ज्याचं त्याला ठाऊक.

त्याची एक जुनी तक्रार होती. लोकांना वाटतं, गाडीची काच काढणं अवघड आणि बसवणं अवघड. मधल्या दिवसांचा विचार कुणीच करत नाही. गाडीत असते तोवर काचेला चारी बाजूंनी रबराने आणि पत्र्याने धरलेलं असतं. बाहेर आली की तिच्या कडा उघड्या पडतात, आणि काचेचा सगळा जीव कडेत. मधोमध बुक्की मारा, सोसेल. कोपऱ्याला फरशी नुसती टेकू द्या, संपलं. त्यातही पुढची काच बरी. तिचे दोन पापुद्रे एकमेकांना चिकटवलेले असतात, तडकली तरी जागची हलत नाही. मागची मात्र भट्टीत तापवून कडक केलेली. तिला तडा नावाची गोष्टच माहीत नाही. ती एक तर असते, नाहीतर नसते.

हे सगळं तो येईल त्याला सांगायचा आणि लोक मान डोलावून आपल्या कामाला लागायचे.

तर त्याची थोरली बहीण, ताई, गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. गुडघ्यांनी तिला केव्हाच रजा दिली होती. खुर्चीपासून गाडीपर्यंत काठी आणि चार ठिकाणी थांबणं, पण एकदा का गाडीत बसली की तिच्यासारखी तीच. बाजार, डॉक्टर, मैत्रिणी, भावाच्या घरी आईला भेटायला येणं, सगळं त्या गाडीवर. गाडी इतकी जुनी, की ती बनवणाऱ्यांनाही आता आठवत नसेल. काचांच्या भोवतीचा पत्रा गंजून खाल्ला गेला होता आणि पाऊस आला की पाणी थेट ताईच्या मांडीवर. ताई एक टॉवेल मांडीवर घेऊन गाडी चालवायची.

पत्रा कापून नवा जोडायचा, सांध्यांवर लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, रंग मारायचा, म्हणजे दोन्ही काचा काढणं आलं. काढायच्या आधी सांभाळूनने चौकशी केली. तशा काचा आता कुठेच मिळत नव्हत्या. एका दुकानदाराने तर त्यालाच विचारलं, “ती गाडी चालते अजून?” म्हणजे हिशोब सरळ होता. काच फुटली की गाडी गेली, आणि गाडी गेली की ताई घरात बसली, ती कायमची.

“चार दिवस,” गॅरेजचा पेंटर म्हणाला. “पाचव्या दिवशी ताईंना गाडीत बसवा.”

सांभाळूनने काचा स्वतः काढल्या. जुनं रबर ओढत बसला नाही, सरळ पात्याने कापून टाकलं. रबर मीटरवर मिळतं, काच मिळत नाही. दोन्ही काचा गॅरेजच्या कोपऱ्यात गादीच्या तुकड्यांवर उभ्या करून, पेंटरला तीनदा बजावून तो घरी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर पुढची काच दोन डब्यांवर आडवी टाकलेली, तिच्यावर पॉलिश पेपर, लांबीचा डबा आणि चहाचे उष्टे कप.

“हे टेबल आहे का?” त्याने विचारलं.

“अहो, पडू नये म्हणून आडवी ठेवली,” पेंटर शांतपणे म्हणाला. “उभी वस्तू पडते. आडवी कुठे पडणार?”

“आडवी पडत नाही, मोडते. तिला बाक आहे. पोटाखाली आधार नाही, स्वतःच्याच वजनाने खाली ओढली जातेय, त्यात वर तुमचा डबा.”

“मोडली नाही ना पण?”

सांभाळूनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने एक एक करून कप उचलले, काच ओल्या फडक्याने पुसली, टेम्पो बोलावला आणि दोन्ही काचा घेऊन घरी निघाला. टेम्पोत मागे, गादीवर उभ्या केलेल्या दोन काचांना दोन्ही हातांनी कवटाळून. रस्त्यात खड्डा आला की हा आधी उठायचा.

घरात भिंती होत्या, पण रिकामी एकही नव्हती. खिडकीजवळच्या भिंतीवर ऊन. दारामागची भिंत म्हणजे दार उघडणाऱ्याच्या हाती काचेचं नशीब. स्वयंपाकघरात वाफ, आणि वाफ कडेतून आत शिरली की पुढच्या काचेचे पापुद्रे सुटून पांढरे पडतात. राहता राहिली बाहेरच्या खोलीतली सोफ्यामागची भिंत. सोफा ओढून खोलीच्या मधोमध आला.

“आणि आम्ही चालायचं कुठून?” बायकोने विचारलं.

“चार दिवसांचा प्रश्न आहे गं.”

“तुमचे चार की पेंटरचे चार?”

त्याने दोन लाकडी पट्ट्या कापल्या, त्यांच्यावर जुन्या गालिच्याचे तुकडे चिकटवले, खिळा म्हणून एक मारला नाही. पट्ट्या जमिनीवर, पट्ट्यांवर काचा, किंचित भिंतीकडे कललेल्या, मागे भिंतीला रजईची घडी, दोघींच्या मध्ये पुठ्ठा, वरून एक सैल पट्टा. मग साबणाची ओली वडी घेऊन समोर दिसणाऱ्या काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत मोठी फुली मारली, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला इथे काच आहे हे दिसावं. मागे सरून बघितलं. आता त्याचं मन जरा थाऱ्यावर आलं.

घरच्यांचं मात्र उडालं. केर काढताना झाडू सोफ्याच्या पलीकडे जायचा नाही. कमरेचा पट्टा आत काढून ठेवायचा, त्याचं बक्कल लागतं. खुर्ची ओढायची नाही, उचलायची. हसून हसून कुणी मागे रेललं तरी याची पाचावर धारण. बायको सोफा आणि टेबलाच्या मधून आडवी होऊन जायची आणि जाता जाता म्हणायची, “खेकडा झालाय माझा. पुढच्या महिन्यात सरळ चालता येईल की नाही, शंका आहे.”

पेंटरच्या चार दिवसांचं काय सांगावं. आधी ऊन नव्हतं म्हणून लांबी वाळली नाही. मग ऊन इतकं कडक पडलं, की लांबी तडकली. मग वेल्डिंगवाला आजारी. मग रंगाची छटा जमेना. सांभाळून रोज जायचा आणि पेंटर रोज त्याच प्रसन्न चेहऱ्याने म्हणायचा, “झालंच म्हणून समजा.” असं समजून समजून सांभाळूनचं डोकं पिकलं.

आणि संध्याकाळी ताईचा फोन. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त विचारायची, “काचा बऱ्या आहेत ना रे?” जशी काही दवाखान्यात ठेवलेली माणसं. मग इकडचं तिकडचं बोलायची. डॉक्टरकडे जायचं राहिलं, जाऊ दे. मैत्रिणीची मुलगी घरी आली होती, भेटायला जमलं नाही, जाऊ दे. फोन ठेवला की याला जेवण जायचं नाही.

“ताईला सांग, रिक्षा करून ये म्हणावं,” आई म्हणायची.

“आई, रिक्षात तिला गुडघा दुमडून चढता येत नाही.”

“मग तू लवकर कर ना काम. किती दिवस लावतोस.”

आता या आईचं. नजर अजून लख्ख, हात अजून चालते, आणि स्वच्छतेचा भारी सोस. काचवाल्याच्या घरात काच मळकी दिसते, याची तिला आतून लाज वाटत होती. एके दिवशी तो घरी आला तर फुली गायब. काच अशी चकचकीत, की काच नाहीच असं वाटावं.

“आई, फुली कुठे गेली?”

“कसले ते साबणाचे फराटे. पुसून काढले. आता बघ कशी झळकतेय.”

“अगं, ती मुद्दाम मारली होती. लोकांना दिसावी म्हणून.”

“लोकांना एवढी मोठी काच दिसत नाही?”

“काच दिसत नाहीच, आई. तेच तर तिचं काम आहे.”

त्याने परत फुली मारली. दोन दिवसांनी ती परत गेली. आईचं म्हणणं, तिने पुसली नाही, नुसती धूळ झटकली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा तिने त्याच्या देखत फडकं हातात घेतलं आणि म्हणाली, “मला हे बघवत नाही. घरात पाहुणे येतात.” बायको स्वयंपाकघरात तोंडावर हात ठेवून हसत होती. याला हसू येईना. त्याने फुलीचा नाद सोडला आणि दोन्ही काचांवर जाड रजई टाकून वरून पट्टा आवळला.

इथेच त्याचं चुकलं, पण हे त्याला तेव्हा कुठे कळायला. रजई टाकल्यावर काच झाकली गेली, एवढंच नाही, ती सगळ्यांच्या डोक्यातूनच गेली. तिथे आता काच नव्हती, रजई पांघरलेलं काहीतरी सामान होतं. आधी आईने आपली काठी तिला टेकवली. मग बायकोने इस्त्रीचे कपडे वर टाकले. त्याने कपडे उचलले, काठी उचलली, कपाळाला हात लावला, दर वेळी तेच सांगितलं आणि दर वेळी सगळ्यांनी “हो हो” म्हटलं. खरं सांगायचं तर एकदा घाईत त्याने स्वतःच ओली छत्री तिथे टेकवली होती. ती बायकोने गुपचूप उचलून ठेवली आणि बोलून दाखवलं नाही. तेवढं तिचं मोठेपण.

एका सुटीच्या दिवशी दुपारी तो पेंटरकडून परत आला. पेंटर त्या दिवशी म्हणाला होता, “आता शेवटचा हात राहिला,” आणि शेवटचा हात कधी, हे विचारल्यावर आकाशाकडे बघितलं होतं. म्हणजे हा आधीच धुमसत होता. दार उघडून आत येतो तर रजईला लोखंडी शिडी टेकलेली.

शेजाऱ्याने उसनी नेलेली शिडी आणून दिली होती. बायको आत आंघोळीला होती. आई सोफ्यावर बसून म्हणाली होती, “ठेव तिकडे भिंतीला.” आणि त्याने ठेवली होती.

सांभाळूनने आवाज न करता शिडी उचलली. ती बाहेर नेऊन ठेवली. परत येऊन रजई काढली. दोन्ही काचांच्या कडांवरून बोट फिरवलं. काही झालं नव्हतं. काही झालं असतं तर तो ओरडला असता, पण झालं नव्हतं, आणि त्यामुळे त्याचा राग कुठे ठेवावा ते त्याला कळेना.

“बस झालं,” तो म्हणाला. “या घरात बाहेरच्या खोलीत काही राहणार नाही. आत नेतो. पलंगामागे.”

बायको केस पुसत बाहेर आली. “थांबा, मी दुसरी बाजू धरते. आधी खालच्या पट्ट्या नेऊ या आत.”

“नको. आता यांना कुणी हात लावायचा नाही. कुणी म्हणजे कुणी नाही.”

“अहो, एकट्याने वळणार कसं दारातून?”

“वीस वर्षं एकट्यानेच वळतोय.”

तिने वाटेतली खुर्ची तेवढी उचलून बाजूला घेतली. त्याने मागची काच छातीशी धरली, सोफ्याला वळसा घातला, दारातून तिरकी काढली, एक पाऊल, अजून एक. इतक्या सफाईने नेली, की बघणाऱ्याने वाहवा करावी. पलंगामागे पोचला, वाकला, आणि अगदी हळू, लेकराला निजवावं तशी, काच खाली टेकवली.

फरशीवर. पट्ट्या बाहेरच्या खोलीतच होत्या.

आवाज मोठा झाला नाही. बादलीभर खडी कुणी ओतावी तसा झाला, आणि थांबला. सांभाळूनचे दोन्ही हात तसेच काचेच्या रुंदीइतके पसरलेले, मध्ये काही नाही. पायाशी, पलंगाखाली, चादरीवर, सगळीकडे हिरवट दाणे.

“काय रे सांडलं?” आईने बाहेरून विचारलं.

बायको दारात येऊन उभी राहिली. तिने जमिनीकडे बघितलं, त्याच्या हातांकडे बघितलं. एवढ्या दिवसांचं खेकड्याचं चालणं, सोफा, झाडू, बक्कल, सगळं तिला एका वाक्यात परत करता आलं असतं. ती बाहेरच्या दाराशी गेली आणि त्याच्या चपला घेऊन आली.

“पायात घाला,” ती म्हणाली.

ताईला फोनवर सांगणं त्याला जमणार नव्हतं. तो तिच्याकडे गेला. ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, पाय स्टुलावर. त्याचा चेहरा बघूनच म्हणाली, “कुठली?”

“मागची.”

ताईने पाय स्टुलावरून खाली घेतले. मग म्हणाली, “कशी?”

त्याने पेंटरपासून सुरुवात केली. चार दिवसांचे किती झाले, आईने फुली कशी पुसली, कपडे, काठी, शेजारी, शिडी.

“शिडीने फुटली?”

“नाही.”

“मग कुणी फोडली?”

“मी,” तो म्हणाला. “फरशीवर ठेवली. पट्ट्या विसरलो.”

ताईने डोळे मिटले. आता रडते की काय, असं त्याला वाटलं. ती रडली नाही, चिडली, आणि ताई चिडली की आवाज खाली जायचा.

“माझ्याकडे का नाही आणून ठेवल्यास?”

“इथे?”

“इथे. ती बाजूची खोली बघ. रिकामी. तिच्यात कुणी जात नाही, मीसुद्धा जात नाही. इथे आईचं फडकं नाही, शेजाऱ्याची शिडी नाही, येणारं-जाणारं कुणी नाही. मी दिवसभर या खुर्चीत. काचेला याच्यापेक्षा चांगली जागा तू मला दाखव.”

“अगं, तू एकटी. तुला काय…”

“मला काय? मी त्या उचलून नाचणार होते? माझी गाडी, माझ्या काचा, आणि एवढे दिवस मी रोज फोन करतेय, त्यांची खुशाली विचारतेय. तुला एकदाही विचारावंसं वाटलं नाही, ताई, तुझ्याकडे ठेवू का?”

त्याला खरंच वाटलं नव्हतं. सगळ्या भिंती त्याने तपासल्या होत्या, पण त्या आपल्या घरातल्या, आपल्या नजरेखालच्या. जिथे आपण नाही तिथे काच नीट राहू शकते, ही गोष्ट त्याच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. ताईने त्याला चहासुद्धा विचारला नाही.

“पुढची उद्या आणून ठेव,” ती शेवटी म्हणाली. “आणि बायकोला बरोबर आण. एकटा आणू नकोस.”

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून पुढची काच आणली. खोलीत शिरताना बायको म्हणाली, “आधी पट्ट्या,” आणि त्याने निमूट आधी पट्ट्या ठेवल्या. त्यानंतर तो रोज काच बघायला यायला लागला तेव्हा ताईने आतून कडी लावून घेतली. “ती बरी आहे. तू मागची शोध.”

त्याने भंगारवाले पालथे घातले. एके ठिकाणी तशीच गाडी सापडली, काचेच्या जागी कोंबड्या आत-बाहेर करत होत्या. एके ठिकाणी काच सापडली, धावत घरी आणली, माप घेतलं तर बोटभर जास्त रुंद. कडक केलेली काच कापता येत नाही, कापायला गेलं की पुन्हा दाणे. ती त्याने परत नेऊन दिली. दुकानदार म्हणाला, “बोटभरच तर फरक होता.” सांभाळूनने त्याला काही समजावलं नाही. एवढं त्याचं तोंड आयुष्यात कधी मिटलं नव्हतं.

आणि मग, अर्थातच, पेंटरचा फोन आला. “झाली गाडी. काचा घेऊन या, जागा अडवून ठेवलीत तुम्ही माझी.”

ताईला त्याने सांगितलं की अजून थोडा वेळ दे. ताईने विचारलं, काचेच्या जागी दुसरं काय लागतं? त्याने सांगायला नको होतं, पण खोटं बोलणं त्याला जमत नसे. जाड पारदर्शक प्लॅस्टिकची शीट मिळते, ती कापून, गरम करून वाकवता येते.

“मग ती लाव.”

“ताई, ते प्लॅस्टिक आहे. पुसलं की ओरखडे पडतात. दोन वर्षांत धुकं बसल्यासारखं होईल.”

“दोन वर्षं म्हणालास ना? लाव.”

“मागचं वाकडंतिकडं दिसेल.”

“बाजूला दोन आरसे आहेत.”

“मी आजवर कुणाच्या गाडीला असलं काही लावलेलं नाही.”

“मग आता लाव. आणि तूच लाव. दुसऱ्या कुणी लावलेलं मला चालणार नाही.”

पुढची काच आधी बसली, एका दमात, जशी कधी निघालीच नव्हती. मागे त्याने ते प्लॅस्टिक बसवलं. तीनदा काढलं, तीनदा घासलं. प्लॅस्टिकला काचेसारखा स्वतःचा आकार नसतो, दाबाल तिकडे दबतं आणि सोडाल की परत येतं. त्याचे हात वैतागले. पेंटर बाजूला उभा राहून म्हणाला, “छान बसलंय की.”

बायकोने एका ओळखीच्याची गाडी मागून ताईला गॅरेजपर्यंत आणलं. ताई काठी टेकत गाडीपाशी आली, सीट पुढे-मागे करून बसली, काठी बाजूच्या सीटवर ठेवली. मागे वळून तिने एकदा प्लॅस्टिककडे बघितलं आणि किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. सांभाळून खिडकीशी वाकला. “पुसताना मऊ कापड घे, कोरडं नको, आणि खड्ड्यातून…”

“सरक,” ताई म्हणाली.

गाडी रस्त्याला लागली. वरच्या डाव्या कोपऱ्यात प्लॅस्टिक केसभर उचललं होतं. पेंटरला दिसलं नसतं, बायकोला दिसलं नाही, पण गाडी वळेपर्यंत सांभाळूनला तेवढंच दिसत राहिलं.

संध्याकाळपर्यंत त्याने वाट बघितली आणि या वेळी त्यानेच फोन केला.

“ताई, उद्या गाडी घेऊन ये. एक कोपरा नीट बसलेला नाही.”

“उद्या?” ताई म्हणाली. मागे बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता, ती कुणाच्या तरी घरी होती. “उद्या मला वेळ नाही रे.”